चौसष्टातले दोन

ट्रेनिंग होतं, हॉल वीस खुर्च्यांचा आणि माणसं चाळीस, म्हणून दोन दिवस. अट एकच, कुठलीही टीम फोडायची नाही. टीम एकूण सहा: ३, ४, ५, ७, ९ आणि १२ जणांच्या. यादी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं, म्हटलं आण इकडे, पाच मिनिटांत देतो.

आधी उगाचच पर्याय मोजले. प्रत्येक टीमला आज नाहीतर उद्या, म्हणजे दोन गुणिले दोन असं सहा वेळा, झाले ६४. शाळेत कवितेच्या ओळीवर लघु-गुरूच्या खुणा करायचो ना, अगदी तेच, सहा अक्षरं आणि प्रत्येक लघु नाहीतर गुरू, तऱ्हा ६४. पिंगल नावाच्या प्राचीन पंडिताने छंदशास्त्र या ग्रंथात हे मोजायची रीत केव्हाच देऊन ठेवलीय. (माझे लघु-गुरू तेव्हाही चुकायचे, ते असो.) टीम फोडायची मुभा असती तर चाळीस जणांचे पर्याय एक लाख कोटींच्या वर गेले असते, त्यामानाने ६४ म्हणजे किरकोळच की.

चिठ्ठ्या करून टेबलावर मांडल्या. बाराची डावीकडे ठेवली, आठ जागा उरल्या. नऊ तर मावतच नाही. सात ठेवली तर एक खुर्ची रिकामी आणि एकट्या माणसाची टीम कुठेच नाही. चार ठेवली तर अजून चार हवेत, आहेत तीन नाहीतर पाच. मग तीन आणि पाच ठेवून बघितलं, बसलं! उजवीकडे चार, सात, नऊ, बरोब्बर वीस. म्हणजे ६४ पैकी जोडी एकच, दिवस उलटे केले तर दोन.

यादी पाठवणार तेवढ्यात नऊच्या टीममध्ये एक नवीन जण जॉईन झाला. झाले ४१. हॉलवाल्याने कुठल्याही एका दिवशी एक खुर्ची जास्त द्यायचं कबूल केलं, आणि मला वाटलं आता गुंता वाढणार, तर उलटंच, बारा-चार-पाच हेही जमायला लागलं (२१), समोर तीन-सात-दहा (२०). दोनाचे चार झाले! एक माणूस आणि एक खुर्ची वाढवून पर्याय डबल, हे मी दोनदा तपासलं कारण विश्वासच बसेना.

मग मेसेज आला, बारा आणि पाच एकाच दिवशी नकोत, हेल्पडेस्कला कोणी उरत नाही. चारही मांडण्या परत बघितल्या, चारहींत बारा आणि पाच शेजारी शेजारी बसलेले. शून्य.

शेवटी अट मोडली. बारा, चार, तीन आणि पाचातला फक्त एक, असे वीस, बाकी एकवीस दुसऱ्या दिवशी. तो एक जण लगेच विचारायला आला, मीच का? म्हटलं तुमच्या टीमने ठरवा, पाच पर्याय आहेत.