आमच्या पैलवानाशिवायची वारी

आमचा पैलवान पौषात गेला आणि तेराव्याच्या आत गावात फ्लेक्स लागला, त्यावर नावाच्या आधी चक्क ह.भ.प. छापलेलं. त्या सगळ्या दिवसांत मला पहिल्यांदा हसू आलं ते तिथं. ज्या माणसाला हरिपाठाला हमखास डुलकी लागायची, ‘एकादशी दुप्पट खाशी’ जो अगदी नेमानं पाळायचा, तो ह.भ.प.! (पैलवान हे नाव पण उलट्या अर्थानंच पडलेलं, वाऱ्यात पताकेसकट उडून जाईल अशी तब्येत.) मेल्यावर माणसाला लोक फार साळसूद करून टाकतात राव. तो देवभोळा बिलकुल नव्हता, तो वारीला मजा करायला यायचा आणि हे तोंडावर सांगायचा. कुणी विचारलं, माऊली, विठ्ठलाकडं काय मागितलं, तर म्हणायचा, पुढच्या वर्षी फोड कमी येऊ देत.

यंदा जायचं का नाही ह्यावर आमच्यात बरंच झालं. एक जण म्हणाला सुतक नाही पण मन नाही. दुसरा म्हणाला ट्रकवर त्याचा मोठा फोटो लावू, हार घालू. मी म्हणलं फोटो नको, तो ट्रकच्या बाजूनं कधी चालायचाच नाही, डिझेलचा वास येतो म्हणायचा. शेवटी वहिनींनीच सांगितलं, जा सगळे, घरी बसून तोंडं पाडली तर तेच चिडतील. मग दिंडीची भिशी, म्हणजे वाटेतल्या जेवणाखाण्याचे पैसे, भरली, राहुटीतल्या जागा वाटून घेतल्या, आणि ज्येष्ठ वद्य अष्टमीला प्रस्थानाला आळंदीत हजर.

पुण्यातला मुक्काम उरकून दिवे घाटाचा दिवस येतो. ज्यांनी केलाय त्यांना माहितीय, सासवडपर्यंत 30 किलोमीटरच्या आसपास चाल, त्यात नेमकी एकादशी, म्हणजे उपास आणि घाट एकाच दिवशी. पण हडपसरपासून लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी केळी, राजगिऱ्याचे लाडू, खिचडी, चहा हातात कोंबत असतात, नाही म्हणायची सोयच नसते, आणि पैलवान तर कुणालाच नाही म्हणायचा नाही, प्रत्येक स्टॉलवर थांबून वर पावती देणार, ‘माऊली, मागच्या खिचडीपेक्षा तुमची सरस’. हे तो प्रत्येक स्टॉलवर म्हणायचा. घाट चढताना रथाला जादा बैलजोड्या लावतात ते बघून म्हणायचा, मला पण एक जोडी लावा रे. यंदा घाटात आम्ही नुसते चालत होतो, कुणी काही बोलेना, आणि मला आपला राग येत होता, त्याच्यावरच येत होता, की लेका असा मध्येच कसा सोडून गेलास, रात्री जेवून झोपला आणि सकाळी उठलाच नाही, हार्ट अटॅक म्हणाले. चाळिशी पण नव्हती ओलांडली.

वारीत सुरुवातीला तो टाळकरी होता. पण त्याचा टाळ कायम अर्धी मात्रा पुढं. आमचे विणेकरी बुवा म्हणजे गरीब माणूस, कुणाला दुखवणार नाहीत, त्यांनी बरेच दिवस सहन केलं आणि एक दिवस वाल्ह्याच्या वाटेवर हळूच त्याच्या हातातले टाळ काढून घेतले, पताका दिली आणि म्हणाले, ‘माऊली, तुम्ही हे धरा, हे वाजत नाही.’ तेव्हापासून पैलवान पताकावाला. ही गोष्ट तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा, वर बुवांची नक्कल करून. यंदा बुवांनीच ती सांगितली, नीरेच्या काठावर. दत्त घाटावर माऊलींच्या पादुकांचं स्नान झालं की सगळे पाण्यात उतरतात, आणि तिथं पैलवानाचं ठरलेलं वाक्य असायचं, ‘घ्या, पुणे जिल्ह्याचा मळ सातारा जिल्ह्याच्या हवाली केला.’ नदी ओलांडली की सातारा जिल्हा लागतो ना. यंदा पाण्यात असताना कुणीतरी ते वाक्य म्हणलं आणि मग बुवांनी टाळाची गोष्ट काढली, तीही नक्कल करून, म्हणजे बुवा पैलवानाची नक्कल करत होते जो बुवांची नक्कल करायचा, आणि आम्ही गुडघाभर पाण्यात हसून हसून बेजार. घरी असं कुणी हसलेलं नव्हतं. घरी सगळे त्याचं नाव आलं की आवाज खाली करायचे.

त्यानंतर चाल बदलली आमची.

लोक समजतात वारी म्हणजे नुसता उपास, फोड आणि गंभीर तोंडं. शिस्त आहे, नाही असं नाही. हैबतबाबा आरफळकर हे शिंद्यांच्या पदरचे सरदार, त्यांनी 1832 साली ह्या सोहळ्याला लष्करासारखी घडी घालून दिली, रथापुढं 27 दिंड्या, बाकीच्या मागं, ज्याची त्याची जागा ठरलेली, अश्व अंकलीच्या शितोळे सरकारांचे. पण त्याच शिस्तीत खेळाला पण वेळ नेमून दिलेला आहे की. फुगडी, पावल्या, हमामा, हुतुतू, साठीच्या म्हाताऱ्या पदर खोचून मैदानात उतरतात, आणि त्यात काही कमीपणा कुणाला वाटत नाही. मला वाटतं म्हणूनच पैलवान इथं टिकला. बाकी कुठल्याही देवळात त्याला पाच मिनिटात कुणीतरी गप्प बस म्हणलं असतं.

पुरंदावड्याच्या गोल रिंगणात पताकावाले धावतात तेव्हा मी त्याची पताका घेतली होती. आधी पताकावाले, मग तुळशीवाल्या, मग बाकीचे, आणि शेवटी अश्व. माऊलींच्या अश्वावर कुणी बसलेलं नसतं, तो गेला की टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते. माझं वजन आहे 92 किलो, अर्ध्या फेरीत जीव निघाला, मागून एक आजोबा ‘सरका माऊली’ म्हणून पुढं गेले. रिंगण संपल्यावर फुगड्या सुरू झाल्या आणि एका मावशींनी मला ओळखलं, मागच्या वर्षी पैलवानानं त्यांच्याशी फुगडी घातली होती आणि हरला होता. म्हणाल्या, ‘तो बारका कुठाय?’ मी सांगितलं. त्या दोन मिनिटं गप्प बसल्या, डोळे पुसले, मग हात पुढं केले आणि म्हणाल्या, ‘ये, त्याची राहिलेली तू घाल.’ घातली. मीही हरलो.

मला सगळ्यात जड गेलं ते माळशिरसला समाज आरतीला. सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा नुसता कल्लोळ, आणि चोपदारांनी दंड वर केला की एका क्षणात चिडीचूप. मग हरवलं-सापडलं पुकारतात, कुणाची पिशवी, कुणाचा मोबाईल. पैलवान दर वेळी कानात पुटपुटायचा, माझी अक्कल हरवलीय, सांग त्यांना. आणि तिथं अशी पद्धत आहे की ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते, मग चोपदार तिथं जाऊन काय ते ऐकून घेतात. त्या संध्याकाळी दंड वर गेला, सगळे थांबले, आणि मला वाटलं आपण वाजवत राहावं. आहे आमची तक्रार. पण माझ्या हातात पताका होती, ती वाजत नाही.

वेळापूरच्या अलीकडं उतारावर धावा असतो तेव्हा मात्र सगळे सुटलो. पैलवान चपला हातात घेऊन पळायचा, एकदा त्यातली एक पडली तर पंढरपूरपर्यंत एका पायात चप्पल, एका पायात कुणाचा तरी बूट. आम्ही सगळ्यांनी यंदा चपला हातात घेतल्या. आता फोड मोजत बसलोय.

पंढरपुरात दर्शनबारी बघूनच हात जोडले. कळसाचं दर्शन घेतलं, चंद्रभागेत बुडी मारली, नामदेव पायरीला डोकं टेकलं, चुरमुरे-बत्तासे, बुक्का घेतला आणि वहिनींना फोन लावला. मला वाटलं त्या रडतील, मी काय बोलायचं ते ठरवून ठेवलेलं, पण त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, ‘फुगडी कुणी घातली यंदा?’

म्हणलं, मी.

‘तुम्ही? अहो भाऊजी, मग समोरची बाई आहे का धड?’