तुम्ही विचारलंत म्हणून : कॉलेजला न जाता शिक्षक होता येतं का?

लग्नात विचारतात, पालकसभा संपल्यावर विचारतात, केएमटीच्या बसमध्ये शेजारी बसलेली ओळखीची बाई उतरता उतरता विचारते, "मॅडम, तुम्ही ते डीएड बाहेरनंच केलंय न्हवं, मग आमच्या पोरीला बी सांगा की कसं करायचं." मी दर वेळी अर्धवट काहीतरी सांगते आणि घरी येऊन चिडचिड करते. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी सरळ उत्तर. मी केला तो कोर्स आता नाही. एनआयओएसचा, म्हणजे केंद्राच्या मुक्त विद्यालय संस्थेचा, तो डीएलएड (लोक त्यालाच डीएड म्हणतात) फक्त तेव्हा शाळेत शिकवत असलेल्या पण ट्रेनिंग नसलेल्या शिक्षकांसाठी होता, 2017 साली आरटीई, म्हणजे शिक्षणहक्क कायदा, दुरुस्त करून अशा शिक्षकांना ट्रेनिंग पूर्ण करायला 31 मार्च 2019 ही शेवटची तारीख दिली होती म्हणून. नव्या पोरीला त्यात कधीच प्रवेश नव्हता. मुक्त विद्यापीठाचं बीएड आहे, पण तेही आधी ट्रेनिंग झालेल्या, नोकरीत असलेल्या शिक्षकांसाठी. म्हणजे ज्या मुलीच्या हातात नुसती डिग्री आहे तिला सीईटी देऊन दोन वर्षं रेग्युलर बीएड, नाहीतर बारावीवर दोन वर्षं डीएलएड. आणि पहिली ते पाचवीला शिकवायचं असेल तर बीएड चालत नाही, 11 ऑगस्ट 2023 ला सुप्रीम कोर्टानं ते स्पष्ट केलंय. "न जाता डिग्री मिळवून देतो" असं कुणी सांगत असेल तर त्याला एक रुपया देऊ नका.

आता खरा प्रश्न, जो तोंडावर कुणी विचारत नाही पण त्यामागं असतोच, की तुम्ही सोपं करून आलात ना?

नाही. मी बीएस्सी झाले, लग्न करून कोल्हापुरात आले, नवरा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत, घराचा हप्ता चालू, आणि घराजवळच्या इंग्लिश मिडियम शाळेत तिसरी-चौथीचं गणित शिकवायला लागले. 2015 पासून बीएड दोन वर्षांचं झालं. दोन वर्षं पगार सोडून कॉलेजला जाणं आमच्या घरात बसतच नव्हतं. मग 2017 ला हे आलं आणि मी फॉर्म भरला. आठवडाभर शाळा, सुट्टीच्या दिवशी स्टडी सेंटरला पीसीपी, म्हणजे समोरासमोरचे वर्ग, त्यात 75 टक्के हजेरी पाहिजे, रात्री पोरं झोपल्यावर स्वयंप्रभाच्या सरकारी टीव्ही चॅनेलवरची नाहीतर मोबाईलवरची लेक्चर्स आणि असाइनमेंट. ह्यात सोपं काय होतं ते मला कुणीतरी सांगावं.

पण खोटंही बोलणार नाही. तयार असाइनमेंट झेरॉक्सच्या दुकानात विकत मिळत होत्या, आणि आमच्या बॅचमधल्या काहींनी तशाच उतरवून दिल्या. देशभरात दहा लाखांवर शिक्षक एकाच वेळी एकाच कोर्सला बसवल्यावर प्रत्येकाची वही कोण तपासणार. त्यामुळं लोक शंका घेतात तेव्हा त्यांना अगदीच काही कारण नाही असं मी म्हणू शकत नाही. मात्र ती शंका माझ्या तोंडावर घेतली की मला राग येतो, दोन्ही खरं आहे.

त्या कोर्सनं मला काय दिलं ते सांगते. गणिताच्या पेपरात पोरांच्या चुका गोळा करायला लावल्या होत्या. माझ्या वर्गात 304 वजा 127 ला बऱ्याच पोरांचं उत्तर 223 यायचं. मी फुली मारून पुढं जायचे. असाइनमेंटसाठी पहिल्यांदा एकाला जवळ बोलावून विचारलं की बाळा कसं केलंस, तर तो म्हणाला, चारातनं सात जात नाहीत म्हणून सातातनं चार काढले, शून्यातनं दोन जात नाहीत म्हणून दोनातनं शून्य काढलं. त्याच्या डोक्यात नियम होता. तो नियम चुकीचा होता पण नियम होता, आणि नुसत्या फुल्या मारून तो कधीच सुटला नसता. मग मी खेळण्यातल्या शंभराच्या, दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी आणली. शंभराची एक नोट मोडून दहाच्या दहा, त्यातली एक मोडून दहा रुपये. मधल्या शून्याच्या जागी नऊ का येतात हे पोरांना दिसलं, उत्तर 177 आलं, आणि मला त्या दिवशी जे वाटलं ते पगारानं कधी वाटलं नव्हतं.

आणि हेच उदाहरण घेऊन मी त्या मुलाखतीला गेले. म्हणून ते इतकं लागलं.

2024 च्या सुरुवातीची गोष्ट. दुसरी एक संस्था, नाव सांगणार नाही, पगार आमच्यापेक्षा बरा, पीएफ होता. डेमो लेसन चौथीच्या वर्गावर. मी नोटा घेऊन गेले, हाच हातच्याचा प्रकार घेतला, मागच्या बाकावरचा एक पोरगा आधी हात वर करत नव्हता तो शेवटी फळ्यापर्यंत आला. मुख्याध्यापक बाई मागं बसल्या होत्या. बाहेर आल्यावर त्यांनी माझा हात धरून सांगितलं, असं शिकवणारं माणूस मला पाहिजे, जूनपासून या. मी जिन्यातच नवऱ्याला फोन केला. मग कागद तपासायला ऑफिसात बसवलं. तिथल्या सरांनी मार्कशीट उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, हे अठरा महिन्यांचं ना? म्हटलं हो, सरकारनंच काढलेला कोर्स आहे. ते म्हणाले, "मॅडम, नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाचा निकाल आलाय, हे दोन वर्षांच्या बरोबरीचं धरत नाहीत." मी बोलायला लागले, की मी तेव्हा नोकरीत होते, मला सांगितलं म्हणून केलं, निकाल उत्तराखंडच्या भरतीवरचा आहे, इथं खाजगी शाळा आहे. ते वाईट बोलले नाहीत. फाईल बंद केली, माझ्याकडं सरकवली आणि पुढच्या उमेदवाराला हाक मारली. मुख्याध्यापक बाई दारात आल्या, सगळं ऐकलं, आणि माझ्याकडं न बघता परत गेल्या. दहा मिनिटांपूर्वी हात धरलेली बाई. मला त्यांचा राग अजून गेलेला नाही, आणि त्यांच्या जागी मी असते तर शाळेची मान्यता अडचणीत घातली असती का, तर नसती घातली. तरी राग आहे.

बिंदू चौकापर्यंत चालत आले, खेळण्यातल्या नोटांची पिशवी हातात होती, रिक्षा करायचंही सुचलं नाही.

पुढं 10 डिसेंबर 2024 ला त्याच कोर्टानं खुलासा केला, की 10 ऑगस्ट 2017 ला जे नोकरीत होते आणि 1 एप्रिल 2019 च्या आत ज्यांनी हा कोर्स पूर्ण केला त्यांचा डिप्लोमा दोन वर्षांच्या बरोबरीचा धरायचा. म्हणजे माझा कागद सगळा वेळ बरोबर होता. पण तोवर ती जागा भरली होती, आणि मधल्या काळात मी 38 ओलांडली, खुल्या गटाला सरकारी भरतीची वयोमर्यादा तेवढीच आहे. टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पेपर एक मी पास आहे, 150 पैकी 90 लागतात, तेवढे आहेत, आणि त्याचा सरकारी भरतीत मला आता काही उपयोग नाही. मी अजून जुन्याच शाळेत आहे.

2019 मधली मी सगळ्यांना सांगत फिरायचे की शिकवणं आतून यावं लागतं, कागद नुसता नियमासाठी. आज ती समोर आली तर मी तिच्याशी भांडेन, कारण कागदासाठी म्हणून जे केलं त्यातच मला 223 चं कोडं सुटलं. ती मला म्हणेल, मग त्या कागदानं तुला जिन्यावरून खाली का पाठवलं? ह्यावर माझ्याकडं उत्तर नाही.

1 सप्टेंबर 2025 ला सुप्रीम कोर्टाचा आणखी एक निकाल आला, की रिटायरमेंटला पाच वर्षांपेक्षा जास्त राहिलेल्या जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं. आमच्या नात्यातले एक झेडपीचे गुरुजी, जे मला कायम "तुमचं ते सुट्टीतलं डीएड" म्हणायचे, ते पन्नाशीला आलेत आणि आता मुलाच्या टेबलावर टीईटीचं पुस्तक घेऊन बसतात. मला आनंद झाला नाही. मी त्यांना गणिताच्या पद्धतीशास्त्राच्या माझ्या नोट्स नेऊन दिल्या.

माझ्या शाळेत एक मुलगी आहे, पहिलीला शिकवते, बीकॉम, ट्रेनिंग काही नाही. पोरं तिच्या मागं मागं फिरतात. तिला अक्षरओळख कुठल्या क्रमानं घ्यायची हे माहीत नाही, आणि पहिलीच्या वर्गावर असं कुणी असू नये असं मला मनापासून वाटतं. तिला शिकत शिकत ट्रेनिंग घ्यायचा, माझ्यासारखा, कुठलाच रस्ता आज उघडा नाही. नोकरी सोड, दोन वर्षं डीएलएड कर, मग टीईटी, मग भरतीसाठीची वेगळी परीक्षा टेट, मग सरकारचं भरतीचं पवित्र पोर्टल, आणि लागलीच तर तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून महिना 16,000. गेल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत आम्ही दोघींनी वहीच्या मागच्या पानावर दोन वर्षांचा बिनपगाराचा हिशोब मांडला, तिच्या सासूबाईंना काय सांगायचं तेही ठरवलं. ती म्हणाली, मॅडम, केलं तर कोर्ट परत बदलणार नाही ना? मी सांगितलं, ते मी नाही सांगू शकत. तिनं ते पान फाडून पर्समध्ये ठेवलं, फॉर्म अजून भरलेला नाही.