गुडघ्याने दगा दिला, लेडलीने नाही

लेडली किंग हे नाव आपल्याकडे जागरण करून इंग्लिश फुटबॉलची प्रीमियर लीग पाहणाऱ्यांनाही चटकन आठवेल असं नाही. इथे उत्तर लंडनमध्ये मात्र ते नाव नुसतं काढलं तरी टॉटनहॅमवाल्यांचा चेहरा उजळतो. १९८० साली पूर्व लंडनमध्ये जन्मलेला हा मुलगा टॉटनहॅम हॉटस्पर या क्लबच्या अकादमीत वाढला. मे १९९९ मध्ये लिव्हरपूलविरुद्ध तो पहिला सामना खेळला आणि जुलै २०१२ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, गुडघ्यापायी निवृत्त झाला. मधली सगळी वर्षं एकच क्लब, एकच पांढरी जर्सी, पाठीवर २६ नंबर.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, मे २०१४ मध्ये, व्हाइट हार्ट लेन मैदानावर त्याच्यासाठी टेस्टिमोनियल सामना झाला. मी गेलो होतो. ही इथली जुनी रीत आहे. एकाच क्लबात साधारण दहा वर्षं काढलेल्या खेळाडूसाठी क्लब एक मैत्रीपूर्ण सामना ठेवतो आणि त्याचं उत्पन्न खेळाडूला मिळतं. १९६१ पर्यंत इंग्लंडमध्ये खेळाडूंच्या पगारावर कमाल मर्यादा होती, शेवटी शेवटी आठवड्याला २० पौंड. त्या काळात हा सामना म्हणजे खेळाडूच्या म्हातारपणाची सोय. आता बड्या खेळाडूंना पैशांची ददात नसते. तरी लोक तिकीट काढून येतात, कारण त्यांना आभार मानायचे असतात, आणि ते मैदानावर जाऊनच मानायचे असतात.

लेडलीचे आभार कशासाठी, हे समजायला त्याचा गुडघा समजून घ्यायला हवा. आपल्याकडे घरातली वडीलधारी माणसं 'गुडघ्यातली गादी झिजली' म्हणतात ना, तेच ऐन विशी-तिशीत त्याचं झालं. ही कूर्चा एकदा झिजली की पुन्हा नीट भरून येत नाही, कारण तिला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. मग हाडावर हाड घासतं आणि प्रत्येक सामन्यानंतर गुडघा सुजतो. शेवटच्या काही वर्षांत लेडली संघाबरोबर जवळजवळ सराव करतच नव्हता. आठवडाभर पोहणं, जिम, सूज उतरायची वाट पाहणं, आणि मग थेट सामना. सराव न करता जगातल्या सर्वांत वेगवान लीगमध्ये बचावफळीच्या मधोमध उभं राहायचं आणि समोरच्या फॉरवर्डला हलू द्यायचं नाही! २००९-१० च्या मोसमात टॉटनहॅम चौथं आलं आणि पहिल्यांदाच चॅम्पियन्स लीगसाठी, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेसाठी, पात्र ठरलं, त्यातही हा दुखऱ्या गुडघ्याचा कप्तान होता. मला हे आजही अचाट वाटतं.

त्याच्या निष्ठेला एक दुखरी पार्श्वभूमीही आहे. २००१ मध्ये टॉटनहॅमचा तेव्हाचा कप्तान सोल कॅम्पबेल करार संपताच थेट आर्सेनलमध्ये गेला. आर्सेनल म्हणजे हाडवैरी, तेही शेजारचे. तो घाव इथल्या लोकांच्या मनातून अजून गेलेला नाही. कॅम्पबेलच्या शेजारी खेळायला शिकलेला पोरगा म्हणजे लेडली. त्याने ती रिकामी जागा घेतली आणि पुढे कप्तान झाला. धडधाकट गुडघे असते तर त्यालाही मोठमोठ्या क्लबांनी गळ घातलीच असती. पण शरीर साथ देत नसताना, 'आज जमणार नाही' म्हणायची पूर्ण मुभा असताना, त्याने दर आठवड्याला त्या मैदानावर उतरायचा हट्ट धरला. माझ्या लेखी निष्ठा ती हीच.

त्या संध्याकाळी सेव्हन सिस्टर्स स्टेशनवर उतरून टॉटनहॅम हाय रोडने चालत निघालो, तर पुढेमागे जिकडे तिकडे २६ नंबर. स्टँडमध्ये माझ्या शेजारी सत्तरीचे एक आजोबा मुलीबरोबर बसले होते. अंगात हॉलस्टन या जुन्या प्रायोजकाचं नाव असलेली जर्सी, धुवून धुवून पिवळट पडलेली. पाठीवरचा सहाचा आकडा निघायला आला असावा, म्हणून तो कडेकडेने निळ्या दोऱ्याने शिवला होता. नवी जर्सी त्यांना कधीही घेता आली असती. मी विचारलं, लेडलीची कुठली आठवण सगळ्यात जवळची? मला वाटलं २००८ चा लीग कप सांगतील. वेम्ब्लीवर चेल्सीला २-१ हरवलं तेव्हा कप्तान लेडलीच होता. आजोबा म्हणाले, "सामन्याआधी संघाची नावं पुकारायला लागले की माझे कान एकाच नावाकडे असायचे. ते आलं की मी निवांत बसायचो." मुलगी म्हणाली, "आणि नाही आलं की आम्हाला घरी जायला सांगायचे." आजोबांनी ते नाकारलं नाही.

मग त्यांनी रॉबेनची गोष्ट सांगितली. ही गोष्ट तुम्हाला इथे कुणीही सांगेल. चेल्सीचा आर्येन रॉबेन, पायाला भिंगरी लावलेला माणूस, एकटा गोलकडे सुटलेला. लेडली कितीतरी मागे. पण तो धावत आला, रॉबेनला गाठलं आणि धक्का नाही, ओढाताण नाही, पाय नेमका चेंडूवर टाकून चेंडू काढून घेतला. आजोबांनी दोन्ही हातांचे तळवे एकमेकांवर सरकवून ते दाखवलं, पुन्हा पुन्हा. गोल वाचवणाऱ्या एका टॅकलसाठी इतक्या वर्षांनीही माणसाचे डोळे असे चमकावेत! गोल करणारे सगळ्यांनाच आवडतात, पण बचावपटूवर जीव लावायला खेळ मुळापासून आवडावा लागतो. (गोलच्याच बाबतीत सांगायचं तर डिसेंबर २००० मध्ये ब्रॅडफर्डविरुद्ध अवघ्या दहा सेकंदांत केलेला लेडलीचा गोल २०१९ पर्यंत प्रीमियर लीगमधला सर्वांत जलद गोल होता. बचावपटूच्या नावावर हा विक्रम, आणि तो १८ वर्षं टिकला.)

लेडली मैदानात आला तेव्हा सगळं स्टेडियम उभं राहिलं आणि त्याचं गाणं सुरू झालं. चाहत्यांनीच रचलेलं, त्याला एकच गुडघा आहे असं सांगणारं. पहिल्यांदा ऐकताना मला ते कानाला खटकलं होतं. दुखण्यावर कसलं गाणं करायचं? त्या रात्री हजारो गळ्यांतून ऐकलं आणि त्यातली माया कळली. त्याचं दुखणं त्यांनी कधी लपवलं नाही, त्याची कीवही केली नाही. उलट अभिमानाने मिरवलं. आजोबा प्रत्येक वेळी गात होते. मीही गायलो.

लेडली आजही क्लबचा राजदूत आहे. २००८ च्या त्या कपानंतर टॉटनहॅमला पुढचा करंडक मिळायला मे २०२५ उजाडावं लागलं. तो युरोपा लीग या युरोपातल्या क्लबस्पर्धेचा, स्पेनमधल्या बिल्बाओमध्ये मँचेस्टर युनायटेडला १-० हरवून. जुनं व्हाइट हार्ट लेन २०१७ मध्ये पाडलं. एप्रिल २०१९ मध्ये त्याच जागी ६२ हजारांहून जास्त प्रेक्षकांचं नवं स्टेडियम सुरू झालं, सुंदर आहे, लंडनला आलात तर जरूर बघा. थोर प्रशिक्षक बिल निकोल्सनच्या नावाचा रस्ता तिथे आहे. स्टँडना मात्र उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम अशी नुसती दिशांची नावं आहेत. दक्षिणेच्या स्टँडला लेडली किंगचं नाव द्यावं, ही मागणी चाहत्यांनी लावून धरली तर सही करणाऱ्यांत मी पहिल्या रांगेत असेन.