डॉ. फीलगुड: गिटारवाले बदलले, गाडी थांबली नाही

आज दिवसभर डॉ. फीलगुड लावून बसलोय. टेम्सच्या मुखाजवळच्या कॅन्व्ही बेटावरचा, १९७१ पासूनचा पब रॉक, म्हणजे पबमध्ये वाजणारं साधंसुधं रॉक, वाजवणारा इंग्लिश बँड.

त्यांचा पहिला गिटारवाला विल्को जॉन्सन पिक (तारा छेडायची चकती) वापरतच नसे. उजव्या हाताची बोटं तारांवर आपटून रिदम (तालाची साथ) आणि लीड (मुख्य सुरावट) दोन्ही एकटाच वाजवायचा, म्हणून दुसरा गिटारवाला लागलाच नाही. खरी मेख डाव्या हातात आहे. कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) वाजला की दाब लगेच सैल करायचा, पण बोटं तारांवरून उचलायची नाहीत. उचलली की मोकळ्या तारा घणघणतात. दाबून ठेवली की आवाज लांबतो आणि ड्रमच्या ठोक्यांमधली जागा बुजते. यावर डिस्टॉर्शन (आवाज फाटका, खरखरीत करणारा इफेक्ट) लावणाऱ्यांची तर कीवच येते. विल्कोच्या टेलिकास्टर गिटारचा कोरडा, स्वच्छ आवाजच हवा!

१९७६ चा लाइव्ह अल्बम ‘स्टुपिडिटी’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला आणि पुढच्याच वर्षी विल्को बाहेर. मग त्याच्या जागी जिपी मेयो आला, १९७९ मध्ये ‘मिल्क अँड अल्कोहोल’ हे गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या दहात. गायक ली ब्रिलो १९९४ च्या जानेवारीत, कर्करोग झालेला असताना कॅन्व्हीतच गायला, एप्रिलमध्ये गेला.

त्यानंतरही, मूळचा एकही माणूस नसताना, बँड त्याच नावाने वाजवत राहिला. काहींना ते खटकतं. मला नाही.