पुरानंतरच्या गोळ्या: शिरोळ तालुक्यातील वैद्यकीय मदतीचा माझा अनुभव

मी औषधनिर्माता असून कोल्हापुरात माझे मेडिकल आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या पुढे गेली. तेथे इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, म्हणजे नदी धोक्याच्या रेषेच्याही बारा फूट वरून वाहत होती. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेल्याने बाहेरून येणारा माल थांबला आणि शहरातल्या औषध दुकानांतही रोज खपणाऱ्या गोळ्यांचा साठा झपाट्याने उतरू लागला. पाणी ओसरू लागताच आमच्या पेठेतील तालमीने पूरग्रस्तांसाठी मदतीचे आवाहन केले, आणि त्यातील औषधांचा भाग ओघानेच माझ्याकडे आला.

तालमीच्या सभागृहात लोकांनी मनापासून औषधे आणून दिली, आणि खरी अडचण तेथूनच सुरू झाली. अर्धवट कापलेल्या पट्ट्यांवर गोळीचे नाव असे, परंतु मुदत छापलेला कोपरा आधीच्या गोळ्यांबरोबर केव्हाच कचऱ्यात गेलेला असे. झाकण उघडलेल्या खोकल्याच्या बाटल्या, डॉक्टरांना मिळालेले नमुने, कोणा दिवंगत नातेवाइकाची हृदयविकाराची औषधे, आणि बर्फाशिवाय नुसत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत आलेले इन्सुलिन, असे सारे एकाच ढिगात होते. इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. ते किती तास उन्हात राहिले हे सांगता येत नसेल तर ते देता येत नाही, मग कुपी कितीही नवी दिसो. दान केलेल्या औषधांविषयी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे १९९६ पासून आहेत. रुग्णाकडून परत आलेली औषधे आणि फुकटचे नमुने घेऊ नयेत, औषध पोहोचते त्या वेळी त्याची किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी, आणि ज्यांना मदत करायची त्यांच्या गरजेतूनच यादी निघावी, असे त्यांत स्पष्ट सांगितले आहे. ती तत्त्वे उगाच आलेली नाहीत. १९८८ च्या आर्मेनियातील भूकंपानंतर सुमारे ५,००० टन औषधे व साहित्य तेथे जाऊन पडले आणि त्यांतील जेमतेम तीस टक्केच लगेच वापरता येण्यासारखे निघाले. निवड करण्यातच पन्नास माणसांचे सहा महिने गेले.

आम्ही सुटी औषधे घेणे बंद केले आणि त्याऐवजी यादीप्रमाणे खरेदीसाठी पैसे द्यावेत, असा फलक तालमीच्या दारात लावला. काही मंडळी त्यावर रागावली, आणि त्यांचा राग मला समजत होता. घरातील गोळ्या आणून देणाऱ्याला आपण कोणाचा तरी जीव वाचवतो आहोत असे वाटत असते, त्याला ‘हे नको’ असे तोंडावर सांगणे सोपे नसते.

पुढचे पाऊल परवानगीचे होते. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र देताना शिबिरात येणाऱ्या डॉक्टरांचे नोंदणी क्रमांक, माझा औषधनिर्मात्याचा नोंदणी क्रमांक आणि आम्ही नेणार असलेल्या औषधांची यादी जोडावी लागली. हे कागद अनेकांना कटकट वाटतात. मला मात्र त्याच कार्यालयात बसल्यावर त्यांचा उपयोग कळला. तेथील भिंतीवर गावांची यादी होती आणि कोठे कोणते पथक जाऊन आले हे खडूने लिहिलेले होते. डांबरी रस्त्यावरच्या गावांपुढे एकाच दिवशी दोन-दोन शिबिरांच्या खुणा होत्या आणि नदीकडच्या आतल्या गावांपुढची जागा कोरी होती. आम्ही ठरवून ठेवलेले गाव त्यांनी बदलले आणि कृष्णाकाठचे एक आतले गाव दिले. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, त्यामुळे शिरोळ तालुक्याच्या या पट्ट्यात पाणी उशिरा उतरते आणि रस्ताही उशिरा मोकळा होतो. मदत पोहोचेपर्यंत लोक आठवड्याहून अधिक काळ शाळांत किंवा नातेवाइकांकडे काढून आलेले असतात.

खरेदीची यादी मी गावच्या आरोग्यसेविकेला फोन लावून तयार केली. ओआरएस, झिंक, पॅरासिटामॉल, चिखल्यांसाठी क्लोट्रिमॅझोल मलम, डॉक्सीसायक्लिन आणि मलमपट्टीचे सामान एवढे मी आधीच लिहून ठेवले होते. ताईंनी ते ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “हे उपकेंद्रात आलंय थोडंफार. आमच्याकडं बीपी-शुगरवाल्यांची बोंब आहे, त्यांचं काय करायचं ते सांगा.” नोंदवहीच पाण्यात गेली होती, तरी त्यांना आणि आशाताईंना घरोघरची माणसे पाठ होती. त्यांनी सांगितलेल्या आकड्यांवरून मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन आणि अ‍ॅटेनोलॉल यांचा साठा वाढवला. अपस्मारासाठीच्या फेनिटोइन व सोडियम व्हॅल्प्रोएट या गोळ्याही घेतल्या, कारण त्या अचानक बंद पडल्या तर झटके पुन्हा सुरू होऊ शकतात.

शिबिर शाळेच्या दोन वर्गखोल्यांत भरले. भिंतीवर छातीएवढ्या उंचीला गाळाची रेघ होती आणि फळ्याच्या खालच्या निम्म्या भागाचा रंग निघून गेला होता. पहिल्या तासातच आरोग्यसेविकांचे म्हणणे खरे ठरले. तापाचे व जुलाबाचे रुग्ण होते, बायकांच्या पायाच्या बोटांच्या बेचक्या कुजून पांढऱ्या पडल्या होत्या, परंतु रांगेतील वयस्कर माणसांपैकी बहुतेकांची तक्रार एकच होती: रोजची गोळी पुरात गेली. एका आण्णांना मी विचारले, कोणती गोळी घेता? ते म्हणाले, “पांढरी हाय, बारकी. मधी रेघ हाय. पाकिटावर हिरवी पट्टी हाय बघा.” अशी पांढरी, मध्ये रेघ असलेली गोळी रक्तदाबाची असू शकते, मधुमेहाची असू शकते, आणि थायरॉइडचीही असू शकते. रंगावरून औषध द्यायचे नाही, हा आमच्या व्यवसायातला पहिला धडा आहे.

म्हणून आम्ही एक पद्धत बसवली. घरात कोणाच्या मोबाइलमध्ये चिठ्ठीचा फोटो असल्यास तो पाहायचा. नसल्यास ते ज्या दुकानातून औषध घेतात त्या कुरुंदवाडच्या किंवा जयसिंगपूरच्या मेडिकलला फोन करायचा, कारण महिन्याचे गिऱ्हाईक दुकानदाराला नावानिशी आठवते. तेही न जमल्यास डॉक्टरांनी रक्तदाब व साखर मोजून नव्याने औषध सुरू करायचे. आण्णांच्या दुकानदाराने क्षणात सांगितले, “अ‍ॅटेनोलॉल पन्नास, सकाळी एक.” हे औषध एकाएकी बंद करणे हृदयविकार असणाऱ्याला घातक ठरू शकते, आणि आण्णांची गोळी पाणी शिरल्या दिवसापासून बंद होती. प्रत्येकाला पंधरा दिवसांपुरत्या गोळ्या दिल्या आणि औषधाचे नाव, मात्रा व वेळ मराठीत लिहिलेली चिठ्ठी सोबत दिली. क्षयरोगाचा एक रुग्ण आला होता, त्याला आम्ही काहीही दिले नाही; त्याचा निक्षय क्रमांक (क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक) विचारून त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवले, कारण ते औषध सरकारी केंद्रातून नोंदीसह मिळते आणि त्याच्या उपचारात आम्ही मध्येच हात घालणे योग्य नव्हते.

डॉक्सीसायक्लिनचे टेबल वेगळे ठेवले. पुराच्या पाण्यात उंदीर व जनावरे यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचे जंतू येतात आणि पायाच्या भेगांतून शरीरात शिरतात. या भागात तर माणसे गोठ्यातील जनावरे सोडून हलायला तयार नव्हती, त्यामुळे कितीतरी जण कंबरभर पाण्यातून ये-जा करत राहिले होते. प्रतिबंध म्हणून प्रौढांना २०० मिलिग्रॅमची मात्रा देतात, पण गरोदर बायकांना आणि आठ वर्षांखालील मुलांना ती देत नाहीत. त्यांच्यासाठी डॉक्टर वेगळे औषध ठरवतात. ही गोळी उपाशीपोटी घेतल्यास मळमळते आणि घेऊन लगेच आडवे झाल्यास अन्ननलिकेला इजा करते. शेजारच्या खोलीत तालमीच्या पोरांनी भात-आमटी ठेवली होती. जेवलेल्या माणसाने पुढे येऊन पेलाभर पाण्याबरोबर गोळी आमच्यासमोरच गिळायची, असे केल्यामुळे गोळ्या खिशात घालून नेण्याचा प्रश्नच उरला नाही.

सलाईन लावा, एक सुई तरी द्या, हा आग्रह दिवसभर चालला. त्यातून मार्ग काढणे डॉक्टरांना औषधोपचारापेक्षा जड गेले. तोंडाने पाणी पिऊ शकणाऱ्या जुलाबाच्या रुग्णाला ओआरएस पुरते, हे पटवण्यासाठी आशाताईंनी एका आजींना तेथेच बसवून घोटघोट पाजले आणि तासाभराने त्यांना तरतरी आलेली साऱ्यांना दाखवली; त्यानंतर आग्रह थोडा कमी झाला. सर्पदंशाचे औषध आम्ही मुद्दामच नेले नव्हते. त्याची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते आणि ते सांभाळण्याची सोय शाळेच्या वर्गात नसते, म्हणून अशा रुग्णासाठी एक गाडी चालकासह दारात उभी ठेवली होती.

शिबिर संपल्यावर निघून येणे सोपे असते. आवराआवरीला मात्र आणखी काही फेऱ्या लागल्या. ताप, जुलाब व कावीळ यांचे गावनिहाय आकडे प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवले, उरलेला साठा बॅच क्रमांक व मुदतीसह त्यांच्या वहीत नोंदवून दिला आणि पोच घेतली. सुया टोचून आरपार जाऊ न शकणाऱ्या पांढऱ्या डब्यातून आणि तालमीतील मुदतबाह्य औषधे पिवळ्या पिशव्यांतून जैववैद्यकीय कचऱ्याच्या यंत्रणेकडे दिली. एका संस्थेने गावच्या वेशीवर उतरवून ठेवलेली औषधांची खोकी मात्र पावसात भिजून तशीच पडली होती. ती उचलण्याचा खर्च ग्रामपंचायतीने केला. पाण्याच्या टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्यावर जलसुरक्षक ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातील क्लोरीनची चाचणी, घेतो की नाही, हे आशाताई रोज पाहत होत्या, आणि त्या चाचणीत नळाच्या पाण्याच्या नमुन्याला पिवळी छटा येऊ लागली, म्हणजे त्यात क्लोरीन उतरू लागले, तसे जुलाबाचे रुग्ण कमी झाल्याचे त्यांनीच फोनवर कळवले.

जुलै २०२१ मध्ये पंचगंगा पुन्हा ५५ फुटांच्या वर गेली आणि आम्ही त्याच गावाला गेलो. या वेळी तालमीत सुट्या औषधांचा ढीग नव्हता. रांगेतील बऱ्याच जणांनी चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बरोबर आणली होती, पण त्यांतील कित्येक चिठ्ठ्या दोन वर्षांपूर्वीच्या, आमच्याच हातच्या होत्या आणि मधल्या काळात औषधाची मात्रा बदललेली होती. तेव्हापासून चिठ्ठीवर आम्ही ठळक अक्षरांत तारीख घालतो आणि दर जूनमध्ये आशाताई गृहभेटीत ती तपासून नवी करून देतात.