आमची वाटचाल : बाग थांबत नसते

तासगावात वडिलांनी धंदा सुरू केला तो सौद्यातून, म्हणजे बाजारातल्या लिलावातून, बेदाणा घ्यायचा, निवडायचा, प्रतवारी करून पुढे पाठवायचा, असा. कवठेमहांकाळच्या बाजूला माळावर आमचे द्राक्षं वाळवायचे थोडे रॅक होते, पण ते घरच्या बागेपुरते. दुसऱ्यांची द्राक्षं वाळवायला घ्यावीत का, यावर घरात कित्येक हंगाम खल चालला. वडिलांना जोखीम दिसायची, धाकट्या भावाला नफा. मी दोन्हीकडचे आकडे मांडायचो आणि विषय पुढच्या वर्षावर जायचा.

2020 च्या मार्चमध्ये तसं करायची सोय राहिली नाही. 25 तारखेपासून देशभर टाळेबंदी लागली तेव्हा हंगाम ऐन भरात होता. व्यापारी फिरकेनात, गाड्या मिळेनात, खाण्यासाठी तयार केलेला माल वेलीवर तसाच. ओळखीचे शेतकरी दारात येऊ लागले. त्यातले एक काका ओट्यावर न टेकताच म्हणाले, "मालक, हो म्हणा नायतर न्हाई म्हणा. बाग काय थांबत नसती."

रात्री आम्ही पुन्हा हिशेबाला बसलो. अडचणी खऱ्याच होत्या. बेदाण्याला द्राक्षाची साखर 22 ब्रिक्सच्या (हे गोडीचं माप) पुढं लागते, तेव्हा कुठं 4 किलो द्राक्षांना किलोभर बेदाण्याचा उतारा पडतो. हा माल 18 च्या आसपासचा, म्हणजे वजन कमी आणि दाणा चपटा. शिवाय सगळेच बेदाण्याकडे वळणार, भाव पडणार. पण तासाभरानंतर कुणीच नवं काही बोलत नव्हतं, तेच मुद्दे फिरून येत होते. दिवाळीला भाव काय असेल हे आणखी आठवडाभर बोलूनही कळलं नसतं; तेवढ्यात मणी मात्र गळायला लागले असते, आणि एखाद्या अवकाळीनं उरलेलेही तडकले असते. थांबून उत्तर मिळणार नाही आणि थांबण्याचं नुकसान रोज वाढतंय, असं दिसलं की चर्चा बंद करावी, हे माझं तेव्हापासूनचं ठाम मत आहे. वडीलच शेवटी म्हणाले, "उद्या टाक्या भरा."

जोखीम आम्ही वाटून घेतली. माल शेतकऱ्याचा, शेड आमचं. खर्च विक्रीनंतर कापायचा. द्राक्षं लवकर वाळावीत म्हणून वापरतात ते डिपिंग ऑइल आणि पावडर हाताशी होती तेवढ्यावर काम सुरू केलं. टाकीत लिटरभर पाण्याला 15 मिली तेल, 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट, त्यात घड बुडवून लगेच रॅकवर. उन्हाळ्यात दोन आठवड्यांत माल वाळतो, त्यामुळं एक खेप उतरली की दुसरी चढवता येते. शेजारच्या वाडीतल्या बायका तोंडाला पदर बांधून, अंतर ठेवून कामाला उभ्या राहिल्या. त्या आल्या नसत्या तर आमच्या निर्णयाला काही अर्थ नव्हता, हे मी आजही सगळ्यांना सांगतो.

भाव पडले, ते अपेक्षित होतं. माल शीतगृहात ठेवून सणांच्या तोंडावर थोडा थोडा काढला. कुणाला फार पैसे मिळाले नाहीत, पण आमच्याकडे आलेली एकही बाग उकिरड्यावर गेली नाही. तेच शेतकरी पुढच्या हंगामाची जागा धरायला दिवाळीआधीच आले, आणि आम्ही माळावर नवे रॅक उभारले. आज आमचं निम्म्याहून जास्त काम वाळवणीचंच आहे.

सध्या घरात सौर वाळवणी यंत्राचा विषय निघालाय. भाऊ दरपत्रकं गोळा करतोय. त्याला सांगितलंय, एका रॅकचा माल त्यात घालून बघू, मग बोलू.