नातुरा मोर्ता आणि न घेतलेली पावती

जुन्या कलावस्तू इटलीबाहेर न्यायच्या तर जिथे अर्ज करावा लागतो, त्या निर्यात कार्यालयाकडून आलेला चौथा मेल मी अजून काढून टाकलेला नाही. त्यात एवढंच होतं: चित्राच्या मागच्या बाजूचा फोटो पुन्हा पाठवा. तेव्हा पुण्याला परतायचं आमचं सगळं सामान बांधून झालं होतं. भिंतीला टेकवलेलं ते चित्र तेवढं उरलं होतं.

मिलानमध्ये नाविल्यो ग्रांदे कालव्याच्या काठी बहुतेक महिन्यांच्या शेवटच्या रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. तिथे एका वयस्क गृहस्थांकडून आम्ही ते घेतलं. इटालियनमध्ये 'नातुरा मोर्ता' म्हणतात तसं, म्हणजे फळाफुलांचं स्थिरचित्र: गुलाब, ट्यूलिप, द्राक्षं आणि कडेला फुटलेलं डाळिंब. सही नाही. सतराव्या शतकातलं, नेपल्सकडचं, असं ते म्हणाले. नेपल्समध्ये तेव्हा रुओप्पोलोची फळं आणि बेल्वेदेरेची फुलं गाजत होती, आणि त्यांच्या वळणाने रंगवणारे कितीतरी जण होते ज्यांची नावंही उरली नाहीत. आमचं चित्र अशाच कुणाचं असावं. पैसे रोख दिले, आकडा एका चिटोऱ्यावर लिहून घेतला. चूक तिथेच झाली.

चित्रकार हयात नसेल आणि चित्र ७० वर्षांहून जुनं असेल, तर ते इटलीबाहेर नेण्याआधी निर्यात कार्यालयाकडे जावं लागतं. २०१७ च्या कायद्यामुळे १३,५०० युरोंच्या आतल्या किमतीच्या वस्तूंना परवान्याऐवजी घोषणापत्र पुरतं. आमचं चित्र त्या रकमेच्या जवळपासही नव्हतं, म्हणून मी निर्धास्त होते. पण किंमत कागदावर दाखवावी लागते, आणि चिटोरं म्हणजे कागद नव्हे! दुकानदाराची रीतसर पावती असती तर काम झालं असतं. मग तज्ज्ञाकडून मूल्यांकन करून घेतलं, न्यायालयात त्याने त्यावर शपथ घेतली, चार-चार पानांमागे १६ युरोंचं मुद्रांक तिकीट लावलं. हे सगळं चार दिवसांत उरकलं.

त्यानंतर मात्र कार्यालयाने छळलं. आधी विचारलं, माप चौकटीसकट आहे का? उत्तर दिलं. दोन आठवडे शांतता. मग मागचा फोटो मागितला. पाठवला. पुन्हा दोन आठवडे. मग मागच्या जुन्या चिठ्ठीवर काय लिहिलंय ते विचारलं. ती अर्धी फाटलेली होती, वाचता येत नव्हती, तसं कळवलं. त्यावर हा चौथा मेल. सगळे प्रश्न पहिल्याच दिवशी विचारता आले असते. फोन केला की बाई म्हणायच्या, फाइल पाहणीत आहे. परतीचं तिकीट दोनदा बदललं. नवरा म्हणाला, इथल्याच कुणाला तरी देऊन टाकू. मला ते जमणार नव्हतं.

शेवटी चित्र घेऊन बोलावलं. अधिकाऱ्याने बॅटरीचा उजेड तिरपा टाकून पाहिलं, मागचं अस्तराचं कापड चाचपलं, शिक्का मारला. दहा मिनिटं! बाहेर पायरीवर बसून मी रडले.

तुम्ही असं जुनं चित्र घेणार असाल तर मागच्या बाजूचे, चिठ्ठ्यांचे, खिळ्यांचे, चौकटीच्या आतल्या कडांचे फोटो खरेदीच्या दिवशीच काढा. विक्रेत्याने हौसेने सुचवलेलं मोठ्या चित्रकाराचं नाव अर्जात घालू नका. आम्ही 'अनामिक' लिहिलं. आणि जुनं कॅनव्हास गुंडाळून आणू नका, रंगाला तडे जातात. आम्ही लाकडी पेटी करून घेतली.

पुण्यात ते आतल्या भिंतीवर लावलंय, बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते. आई रोज त्याच्यासमोर चहा घेते. डाळिंब सोलापूरचंच आहे, असं तिचं म्हणणं आहे.